चावलं कोणी?

अंगावर लाल गांध्या उठल्या की घरोघरी निकाल ठरलेला असतो. डास चावला असेल. गादीत काही हललं तर ढेकूण. दोन्ही नसेल तर 'उष्णतेनं झालं', म्हणजे विषय संपला. खरं तर गांधीवरून गुन्हेगार ओळखणं त्वचारोगतज्ज्ञालाही जड जातं. गांध उठते ती चावणाऱ्याच्या लाळेवर आपलं शरीर चिडतं म्हणून, आणि प्रत्येकाचं चिडणं वेगळं. एकाच गादीवर झोपलेल्या नवरा-बायकोपैकी एकाचं अंग फुलतं, दुसऱ्याला पत्ताही नसतो. त्यामुळे तपास करायचा तो चावणाऱ्याचा: कुठे सापडला, किती वाजता, अंगाच्या कोणत्या भागावर, आणि हाती लागलाच तर पाय किती.

सहा पाय असतील तर तो कीटक. डास, ढेकूण, पिसू, ऊ हे सगळे यात आले. आठ पाय असतील तर प्राणी कोळ्याच्या गोतावळ्यातला, म्हणजे गोचीड किंवा खरजेचा किडा. यातही गोम आहेच. गोचिडीच्या अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला सहाच पाय असतात.

ओळख चुकली की काय होतं, याचा सर्वांत नामांकित दाखला रोनाल्ड रॉस यांचा. हिवताप डासांमुळे पसरतो, हे सिद्ध करायला त्यांनी शेकडो डास फाडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यातले बहुतेक करड्या किंवा पट्टेरी जातींचे होते, आणि त्यांत हिवतापाचा जंतू सापडणं शक्यच नव्हतं. अखेर सिकंदराबादेत ठिपकेदार पंखांचा डास त्यांच्या हाती लागला आणि 20 ऑगस्ट 1897 रोजी त्याच्या जठराच्या भिंतीत जंतू दिसला. त्या डासाचं शास्त्रीय नावही तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं. पुढे 1902 मध्ये याच कामासाठी त्यांना नोबेल मिळालं.

रॉसना छळणारे ते तीन प्रकार आजही आपल्या घरात आहेत, आणि ओळखायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. भिंतीवर बसलेला डास पाहा. शेपटाकडची बाजू उचलून तिरका बसला असेल तर तो ॲनॉफिलीस, हिवतापवाला. तो संध्याकाळनंतर चावतो. अंग भिंतीला समांतर ठेवून बसलेला, काळा, पायांवर पांढरे पट्टे असलेला तो एडिस. त्याच्याकडे डेंग्यू आणि चिकुनगुन्या. तो दिवसाढवळ्या, बहुधा टेबलाखाली पायाला चावतो. तिसरा मळकट तपकिरी क्युलेक्स. रात्री कानाशी गुणगुणून झोप मोडणारा बहुतेक वेळा हाच, आणि हत्तीरोगाचा जंतूही हाच वाहतो. तिघांतही रक्त पिते ती फक्त मादी.

अळ्या तर याहून सोप्या. पिंपातलं पाणी पांढऱ्या वाडग्यात घ्या आणि क्षणभर स्थिर राहू द्या. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहिली ती ॲनॉफिलीसची अळी. डोकं खाली करून लोंबकळणाऱ्या उरलेल्या दोघांच्या. त्यांतही शेपटाकडची श्वासनळी आखूड आणि जाड असेल तर एडिस, लांब आणि बारीक असेल तर क्युलेक्स. वाडग्याला टिचकी मारली की सगळ्या वळवळत तळाला जातात आणि थोड्या वेळानं श्वास घ्यायला परत वर येतात.

हे ओळखून करायचं काय? डेंग्यूची साथ आली की गल्लीत धूर सोडणारी गाडी फिरते आणि गटारावर फवारणी होते. लोकांना बरं वाटतं, नगरसेवकाचा फोटो येतो. पण गटाराच्या घाण पाण्यात वाढतो तो क्युलेक्स. डेंग्यूचा एडिस तुमच्या घरातल्या स्वच्छ पाण्यात वाढतो: झाकण नसलेलं पिंप, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची बशी, गच्चीवरचं टायर. मुंबईतला हिवतापाचा ॲनॉफिलीसही इमारतींवरच्या टाक्यांत, विहिरींत आणि बांधकामावर साठलेल्या पाण्यात मजेत राहतो. धुरानं उडते डास मरतात, अळ्यांना काही होत नाही. एडिसची अंडी तर पिंपाच्या आतल्या भिंतीला चिकटून कोरड्यातही कित्येक महिने टिकतात. म्हणून भांडी रिकामी करायचा 'कोरडा दिवस' पाळताना नुसतं पाणी ओतून भागत नाही, पिंप आतून घासावं लागतं.

ढेकणाची बदनामी मात्र जास्त झाली आहे. त्याच्यामुळे माणसाला रोग पसरतो, असं सिद्ध झालेलं नाही. तो झोप उडवतो, एवढंच. वरून दाबल्यासारखा चपटा, तांबूस, सुमारे पाच मिलिमीटरचा. तो दिसला नाही तरी गादीच्या शिवणीत काळे ठिपके दिसतात. पिसू याच्या उलट, दोन्ही कुशींनी दाबलेली. ती उडी मारते आणि बहुतेक वेळा घोट्याभोवती चावते. तिला हलक्यात घेऊ नये. 1994 मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात पिसवा वाढल्याची तक्रार आधी आली, मग उंदीर मरू लागले, आणि त्यानंतर गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले.

गोचीड गुराढोरांची, असं आपण समजतो. पण कर्नाटकात 1957 मध्ये सापडलेला माकडताप रानातल्या गोचिडीमुळेच होतो, आणि गेल्या दशकात तो गोव्यातल्या सत्तरीत आणि सिंधुदुर्गातही पोहोचला. काजूच्या बागेतून किंवा रानातून आल्यावर अंग तपासावं. गोचीड चिकटलेली दिसली तर रॉकेल किंवा काडीचा चटका नको. चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढावी.

सर्वांत धोकादायक चावा मात्र कळतच नाही. गवत-झुडपांत राहणाऱ्या एका सूक्ष्म माइटचं पिल्लू, सुमारे पाव मिलिमीटरचं, अंगावर चढतं आणि काखेत, जांघेत, स्तनांखाली, कमरेच्या नाडीजवळ चिकटतं. तिथे काळी खपली धरते, चटका लागून सुकलेल्या जखमेसारखी. ती दुखत नाही, सहसा खाजतही नाही, म्हणून कोणी सांगत नाही. मग ताप येतो आणि पावसाळा असल्यामुळे सगळे डेंग्यू तपासत बसतात. हा स्क्रब टायफस. 2018 मध्ये विदर्भात त्यानं अनेकांचा बळी घेतला. डॉक्सिसायक्लीन हे स्वस्त औषध वेळेत मिळालं तर रुग्ण बरा होतो. खपली नेहमी असतेच असं नाही, पण असेल तर निदान तिथेच पुढ्यात असतं. प्रश्न लाजेचा आहे: काख-जांघ दाखवायची कोणी आणि पाहायची कोणी?

शेवटचा आरोपी चावतच नाही. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा, मुंगीसारखा लांबट, काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा पेडेरस हा भुंगेरा. मानेवर काही वळवळलं म्हणून आपण त्याला चिरडतो आणि त्याच्या अंगातलं पेडेरिन हे विष आपणच कातडीवर फासतो. दिवसभरानं किंवा दुसऱ्या दिवशी तिथे भाजल्यासारखा पट्टा आणि फोड उठतात. कोपराच्या वळणात चिरडला असेल तर दुमडल्यावर टेकणाऱ्या दुसऱ्या बाजूलाही तसाच डाग उमटतो. अनेकांना ती नागीण वाटते. नागीण मात्र शरीराच्या एकाच बाजूला, मज्जातंतूच्या वाटेनं उठते आणि बरेचदा आधी दुखू लागते. पेडेरस अंगावर दिसला तर फुंकर मारून उडवा किंवा कागदावर चढवून बाहेर टाका, आणि जागा साबणानं धुवा.

पुढच्या वेळी काही चावलं आणि हाती लागलं, तर चिरडून फेकू नका. रिकाम्या डबीत घाला किंवा मोबाइलवर जवळून फोटो काढा, आणि ताप आला तर तो फोटो डॉक्टरांना दाखवा. गेल्या पंधरा-वीस दिवसांत रानात किंवा गवतात गेला असाल, तर तेही विचारण्याआधीच सांगा.