दोन मुळा

आपल्या जिल्ह्यात मुळा म्हटले की बारागाव नांदूरचे धरण डोळ्यांपुढे येते. हरिश्चंद्रगडाच्या डोंगरातून निघालेली ही नदी राहुरीजवळ अडवली आहे. धरणात २६ टीएमसी पाणी मावते आणि नगर शहराच्या नळालाही तेच येते. पुण्यातही एक मुळा आहे. नावापलीकडे दोघींचे काही नाते नाही. ती मुळशीकडून येते, दापोडीला पवनेला घेते आणि संगमावर मुठेला भेटते.

पण पुण्याच्या मुळेवर असे काही घडते, जे आपल्या मुळेवर घडत नाही. शिवाजीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा, म्हणजे सीओईपीचा, नदीकाठी स्वतःचा बोट क्लब आहे. कॉलेज १८५४ चे. १९२८ पासून तिथे ‘रेगाटा’ भरवण्याची परंपरा आहे. रेगाटा म्हणजे नावांच्या शर्यतींचा मेळावा. वल्ह्यांच्या शर्यती, कयाकचे नृत्य, रांगेतल्या नावांच्या बाणासारख्या रचना आणि अंधार पडल्यावर मशाली, असा तो थाट असतो. प्रत्यक्ष सोहळा साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होतो. सगळे काम विद्यार्थीच करतात आणि कॉलेज सोडून कित्येक वर्षे झालेले जुने विद्यार्थी आवर्जून बघायला येतात. आपल्या घरांतली हुशार मुले बारावीनंतर पुण्याला जातातच. त्यांतल्या एखाद्याने फोन करून ‘अब्बा, मी बोट क्लबमध्ये नाव देऊ का?’ असे विचारले, तर काय उत्तर द्यायचे? या लेखाचा विषय तोच आहे.

आधी हा खेळ काय आहे ते पाहू. टीव्हीवर तो क्वचितच दिसतो.

शर्यतीची नाव आपल्या होडीसारखी नसते. ती लांब, निमुळती आणि अतिशय हलकी असते. आठ जणांची नाव सतरा-अठरा मीटर लांब, पण रुंदी इतकी कमी की खेळाडू एकामागे एकच बसू शकतात. गंमत अशी की वल्हवणाऱ्यांची पाठ पुढच्या दिशेला असते. आपण कुठे चाललो आहोत ते त्यांना दिसतच नाही. पुढे बघणारा एकच, सुकाणू सांभाळणारा, ज्याला कॉक्स म्हणतात. तो वल्हवत नाही, हुकूम देतो. बसायची पाटी रुळावर मागेपुढे सरकते, त्यामुळे खरा जोर हातांचा नसून पायांचा असतो. आठही वल्ही एकाच क्षणी पाण्यात जावी लागतात आणि एकाच क्षणी बाहेर यावी लागतात. एकाचे वल्हे पाण्यात अडकले तर सगळी नाव हेलपाटते. सर्वांत ताकदवान मुलगा जास्त जोर लावून नाव पुढे नेऊ शकत नाही. उलट त्याने असे केले तर नाव वाकडी जाते.

ऑलिम्पिकची शर्यत २००० मीटरची, सरळ रेषेत आणि शेजारी शेजारी. पण शरद ऋतूत भरणाऱ्या काही मेळाव्यांची तऱ्हा वेगळी आहे. त्यांतला सर्वांत नावाजलेला अमेरिकेतल्या बोस्टनचा. तो १९६५ मध्ये सुरू झाला आणि दरवर्षी ऑक्टोबरमध्ये चार्ल्स नदीवर भरतो. नदी वळणावळणाची आणि पुलांची, त्यामुळे नावा एका रांगेत उभ्या करता येत नाहीत. काही सेकंदांच्या अंतराने एकेक नाव सोडतात आणि सुमारे ४.८ किलोमीटरला कोणाला किती वेळ लागला, ते मोजतात. म्हणजे पुढे दिसणारी नाव जिंकतेच असे नाही आणि मागून येणारी हरते असेही नाही. निकाल घड्याळ सांगते. तिथे विद्यार्थ्यांच्या शर्यतींबरोबरच माजी विद्यार्थ्यांच्या आठजणी नावांचा वेगळा गट असतो. कोणी डॉक्टर झालेला, कोणी दुकान चालवणारा, केस पांढरे झालेले. एकेकाळी एका नावेत बसलेले लोक पुन्हा त्याच क्रमाने बसतात. हजारो खेळाडूंच्या त्या गर्दीत मला सर्वांत जास्त कौतुक या मंडळींचे वाटते. त्यांना आता कोणी निवडणार नसते, नोकरीत गुण मिळणार नसतात. तरी ते येतात.

शर्यतीबद्दल आपल्या घरांत थोडा संकोच असतो. खेळ म्हणजे वेळेची नासाडी, असे म्हणणारे बुजुर्ग अजून आहेत. त्यांना दोन गोष्टींची आठवण करून द्यावीशी वाटते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती, एकदा त्या पुढे गेल्या आणि नंतर एकदा प्रेषित. दुसरी गोष्ट प्रेषितांच्या अदबा या सांडणीची. तिला कोणी मागे टाकत नसे. एक दिवस एक खेडूत आपल्या तरुण उंटावर आला आणि पुढे निघून गेला. सहाबांना वाईट वाटले. प्रेषितांनी त्यांना समजावले की या दुनियेत जे वर चढते ते अल्लाह कधीतरी खाली आणतोच. हार कशी घ्यायची, हे मुलाला शिकवणारा खेळ वाया जातो असे मला वाटत नाही.

आता पाण्याची भीती. ही खरी अडचण आहे आणि ती खोटी नाही.

आपल्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचे दत्तू भोकनळ यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक असावे असे आहे. गाव दुष्काळी. वडिलांबरोबर विहिरी खोदण्याचे काम करत ते वाढले. वडील गेल्यावर २०१२ मध्ये ते सैन्यात भरती झाले आणि पुण्यात आले. तिथे उंची पाहून त्यांना रोइंगला घेतले. ज्या मुलाने पाण्यासाठी जमीन खणली, त्याला पाण्यावर बसायचीच भीती वाटत होती. चार वर्षांनी, २०१६ मध्ये, ते रिओ ऑलिम्पिकमध्ये एकट्याने वल्हवायच्या शर्यतीत १३ वे आले. त्याच वर्षी अपघातात त्यांच्या आईच्या डोक्याला जबर दुखापत झाली होती. मुलगा काय करून आला हे समजण्याची आईची अवस्था नव्हती. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नावेने सुवर्ण जिंकले, त्या नावेत दत्तू होते. स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग हे बाकीचे तिघे.

पुढच्या आशियाई स्पर्धेत, हांगझोऊला सप्टेंबर २०२३ मध्ये, भारताने रोइंगमध्ये पाच पदके मिळवली. आठजणांच्या नावेला रौप्य मिळाले. चौघांच्या स्कल्सला कांस्य मिळाले आणि त्या नावेत सतनाम सिंग, परमिंदर सिंग आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर जाकर खान होते. नाव वाचून आपल्या मुलांना जरा बरे वाटेल म्हणून सांगतो, एवढेच. नावेत बसल्यावर आडनावाचा उपयोग नसतो.

यांतल्या बहुतेकांची वाट सैन्यातून गेली आहे. पुण्यात दापोडीच्या लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात, म्हणजे सीएमईत, शर्यतीसाठी खास खोदलेला लांब सरळ जलमार्ग आहे आणि सैन्याचे रोइंगचे केंद्र तिथेच आहे. नगरपासून ते अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. आपले शहर रणगाड्यांच्या छावणीचे, घराघरांत सैन्याची ओळख आहे. तरी भरतीला निघालेल्या मुलाला ‘खेळाडू म्हणूनही सैन्यात वाट असते’ हे सांगणारे घर कमीच दिसते.

आणि आपल्याकडे पाणी कमी आहे का? अकोल्यात प्रवरेवर १९२६ मध्ये पूर्ण झालेले भंडारदरा, खाली निळवंडे, राहुरीला मुळा, शेवगाव-नेवाशाच्या कडेला जायकवाडीचा फुगवटा. ऑक्टोबरात ही सगळी पाण्याने भरलेली असतात. निजामशाहीच्या काळात तर या शहराच्या बाहेर फराहबख्श महाल तळ्याच्या मधोमध बांधला गेला. तिथे जायचे तर पाणी ओलांडावे लागे. आज तळे कोरडे आहे आणि महालाच्या भिंती उभ्या आहेत.

पण आपल्या बातम्यांत पाणी येते ते बुडण्याच्या बातमीत. मे २०२४ मध्ये अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्यांना शोधायला राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी आली. त्यांचीच बोट उलटली आणि तीन जवान गेले. शिकलेल्या, जाकीट घातलेल्या माणसांची ही गत. मग उन्हाळ्याच्या सुटीत बंधाऱ्यावर कपडे काढून उडी मारणाऱ्या पोराचे काय? अम्मी म्हणते, ‘पाण्याकडे जाऊ नको.’ पोरगा जातोच, फक्त घरी सांगत नाही. आईच्या भीतीला मी हसत नाही. पण नुसत्या मनाईने मूल वाचत नाही. मुलांना पोहायला शिकवा, हा सल्ला हजरत उमर (रजि.) यांचा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. नेमबाजी आणि घोडेस्वारी आपण विसरलो ते एकवेळ समजू शकते, पोहणे का विसरलो?

मुलींबद्दल वेगळे लिहावे लागते, कारण प्रश्न कपड्यांवर येऊन थांबतो. शर्यतीचा अंगाला चिकटणारा पोशाख बघून अनेक घरे मागे फिरतील, त्यात आश्चर्य नाही. पण इराणच्या मुली डोके झाकून, पूर्ण बाह्या आणि पूर्ण पायांच्या कपड्यांत वल्हवतात. होमा हुसैनी २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये वल्हवल्या, आणि उद्घाटनाच्या संचलनात इराणचा ध्वजही त्यांच्याच हाती होता. नाझनीन मलाई यांनी टोकियोत एकटीच्या शर्यतीत उपांत्य फेरी गाठली. तेव्हा अडचण कपड्यांची आहे की आपल्या सवयीची, हे ज्याने त्याने घरी बसून ठरवावे. मुलींसाठी वेगळ्या वेळेचा पोहण्याचा तलाव मिळणे ही मात्र खरी अडचण आहे, आणि ती एकेकट्या घराला सोडवता येणार नाही. चार घरांनी मिळून तलावाच्या व्यवस्थापकाकडे जाऊन एक तास मागावा लागेल.

पुण्याच्या मुळेचेही कौतुकच आहे असे नाही. सांडपाणी आणि जलपर्णी यांनी ती नदी त्रस्त आहे. वल्हे पाण्यात टाकावे तर वेलींत अडकावे, असे दिवस तिथल्या मुलांनी पाहिले आहेत. ज्याला नदीवर रोज बसायचे असते त्याला ती घाण रोज दिसते. पुलावरून रिक्षातून जाणाऱ्याला नुसता वास येतो.

तर पुण्याहून फोन आला, तर नाही म्हणण्याआधी चार गोष्टी विचाराव्यात. पोहण्याची परीक्षा घेऊनच नावेत बसवतात का? नवख्यांना जाकीट सक्तीचे आहे का? सराव चालू असताना सोबत मदतीची बोट असते का? पावसाने धरणातून पाणी सोडले की सराव बंद होतो का? उत्तरे नीट मिळाली तर परवानगी द्यायला हरकत नसावी. मुलाला पोहता येत नसेल तर परवानगीआधी दोन महिने तलाव. हाच क्रम ठेवावा, उलटा नाही. परीक्षेच्या दिवसांत सराव कमी करायचा, हेही आधीच ठरवून घ्यावे, नाहीतर नंतर घरी वाद होतात.

सराव भल्या पहाटे असतो, कारण वारा सुटण्याआधी पाणी स्थिर असते. वसतिगृहातल्या इतर मुलांना त्या वेळी उठणे जड जाते. फज्रला उठणाऱ्या मुलाला ते जड जाऊ नये. ऑक्टोबरात फज्र झाली की नदीवर पोचेपर्यंत उजाडू लागते.