फ्लेक्सवरचं कराटे, हॉलमधलं कराटे

शाळा उघडायच्या सुमाराला चौकाचौकांत एक फ्लेक्स हमखास लागतो. हवेत झेपावलेला काळ्या पट्ट्याचा मुलगा, मागे ज्वाळा, आणि खाली मजकूर: नवीन बॅच सुरू, वय वर्षे ५ ते ५०, मुलींसाठी स्वसंरक्षणाचे विशेष वर्ग, दर तीन महिन्यांनी बेल्ट परीक्षा, राष्ट्रीय स्पर्धेत खेळण्याची संधी, ऑलिंपिक खेळ. क्लास भरतो शाळेच्या हॉलमध्ये, सोसायटीच्या गच्चीवर, नाहीतर मंगल कार्यालयात, लग्नाची तारीख नसेल त्या दिवशी. फ्लेक्सवरची जवळजवळ प्रत्येक ओळ अर्धी खरी असते. शिवाय नाव घालायला येणाऱ्या आईबापांच्या डोक्यात सिनेमाने आणि ऐकीव गोष्टींनी आधीच बरंच काही भरून ठेवलेलं असतं.

‘हे सगळं मुळात आपल्याकडूनच गेलंय’

पहिल्या दिवशीच्या भाषणात अनेक सर बोधिधर्माची गोष्ट सांगतात. कांचीपुरमचा राजपुत्र चीनला गेला, शाओलिन मठातल्या भिक्षूंना त्याने युद्धकला शिकवली, तिचं कुंग फू झालं आणि कुंग फूचं कराटे. ऐकताना बरं वाटतं. बोधिधर्म नावाचा भिक्षू पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराला चीनमध्ये होता, असं जुन्या चिनी नोंदींत सापडतं. त्याने कोणाला ठोसे-लाथा शिकवल्याचं मात्र त्या नोंदी म्हणत नाहीत. सर्वांत जुनी नोंद तर त्याला पर्शियाकडचा ठरवते. व्यायामाशी त्याचं नाव जोडणारा ‘यी चिन चिंग’ हा ग्रंथ सतराव्या शतकातला, म्हणजे हजार वर्षांनंतरचा. थांग हाओ या चिनी अभ्यासकाने १९३० च्या सुमारासच ही वंशावळ खोडून काढली होती. तरी ती गोष्ट जिवंत आहे, कारण ती सांगणाऱ्यालाही हवी असते आणि ऐकणाऱ्यालाही.

कराटेचं खरं घर ओकिनावा. आज तो जपानचा दक्षिणेकडचा बेटांचा प्रांत आहे, पण १८७९ पर्यंत तिथे र्‍युक्यूचं वेगळं राज्य होतं. चीनच्या फुजियान प्रांताशी त्याचा व्यापार चाले आणि तिथली युद्धकला बेटांवर येऊन स्थानिक पद्धतींत मिसळली. नि:शस्त्र शेतकऱ्यांनी सामुराईंशी लढायला कराटे शोधलं, ही दुसरी लाडकी कथाही टिकत नाही. मात्सुमुरा सोकोन, इतोसु आन्को ही ज्यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत, ती माणसं राजाच्या पदरची होती.

क्लासला मूल घालणाऱ्यांनी खरं तर या इतोसुंची गोष्ट ऐकायला हवी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी कराटे ओकिनावाच्या शाळांमध्ये नेलं. त्यासाठी लांबलचक जुने काता मुलांना झेपतील असे पाच भागांत बसवले आणि १९०८ मध्ये शिक्षण खात्याला पत्र लिहून त्याचे फायदे सांगितले. काता म्हणजे बचाव आणि प्रहारांचा ठरलेला क्रम, एकट्याने करायचा. त्यांचे शिष्य फुनाकोशी गिचिन पेशाने शाळामास्तर. १९२२ मध्ये तोक्योत सरकारी शिक्षण खात्याच्या प्रदर्शनात त्यांनी प्रात्यक्षिक दिलं आणि कराटे मुख्य जपानात रुजलं. ओळीने उभी असलेली पांढऱ्या कपड्यांतली तीस मुलं, आकडे मोजत एकदम मारलेले ठोसे, सुरुवातीला आणि शेवटी नमस्कार, हे जे आपल्या शाळेच्या हॉलमध्ये दिसतं, ते शाळेसाठीच घडवलेलं आहे. पर्वतावरच्या गुप्त मठाशी त्याचा संबंध नाही. कराटेच्या तासाला पीटीचा तास म्हटलं की काही सर दुखावतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही.

‘दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट’

गुरूचा पांढरा पट्टा वर्षानुवर्षं मळून काळा झाला म्हणून काळा पट्टा श्रेष्ठ, असं मुलांना सांगितलं जातं. प्रत्यक्षात ही पद्धत ज्यूदोची. ज्यूदोचे संस्थापक कानो जिगोरो यांनी १८८३ मध्ये पहिल्यांदा ‘दान’ श्रेणी, म्हणजे वरच्या पायरीचा दर्जा, दिली आणि काळा पट्टा त्यानंतर काही वर्षांनी आणला. पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा हे मधले रंग युरोपातल्या ज्यूदो क्लबांतून आले. १९२४ मध्ये फुनाकोशींनी दान श्रेणी कराटेत घेतली, तोवर ओकिनावात पट्ट्याविनाच पिढ्या तयार झाल्या होत्या.

याचा अर्थ पट्टा थोतांड, असा नाही. आठ वर्षांच्या मुलाला पाच वर्षांनंतरचं ध्येय दिसत नाही, पुढच्या परीक्षेचा हिरवा रंग दिसतो. पण रंगांचा क्रम शैलीनुसार बदलतो. शोतोकान, गोजू-र्‍यू, शितो-र्‍यू, वादो-र्‍यू या चार मोठ्या शैली, आणि त्यांच्या आत असंख्य संस्था. एका संस्थेचा तपकिरी पट्टा दुसरीने मानलाच पाहिजे, असा नियम नाही. आठवड्यातून दोन-तीन दिवस सराव करणाऱ्याला पहिल्या दानपर्यंत पोहोचायला साधारण चार-पाच वर्षं लागतात, आणि तिथून दान श्रेणींची नुसती सुरुवात होते. दर तीन महिन्यांनी न चुकता परीक्षा होत असेल, प्रत्येक परीक्षेची फी वेगळी असेल आणि कधीच कोणी नापास होत नसेल, तर पालकांनी वर्षाचा हिशेब मांडून पाहावा. परीक्षा फी, पट्टा, प्रमाणपत्र, ड्रेस, शिबिर हे सगळं धरून. मासिक फी स्वस्त असणं हा त्या हिशेबाचा अगदी लहान भाग असतो.

‘शिकून आलं की पोरगं घरी हात उगारेल’

ही भीती आजीपासून वर्गशिक्षकांपर्यंत सगळ्यांना असते. उत्तर सरळ ‘नाही’ असं देता येत नाही. १९८६ मध्ये मायकेल ट्रल्सन या अमेरिकी संशोधकाने किशोरवयीन गुन्हेगार मुलांचे गट करून पाहिले. खेळ तायक्वांदोचा होता, पण मुद्दा इथेही लागू पडतो. ज्या गटाला शिस्त, ध्यान आणि विचारांसकट पारंपरिक पद्धतीने शिकवलं, त्यांची आक्रमकता सहा महिन्यांत कमी झाली. ज्यांना फक्त लढण्याचं तंत्र शिकवलं, त्यांची वाढली. तेव्हा खेळाला विचारण्याचा प्रश्न आपण सरांना विचारावा हे बरं.

क्रीडा-कराटेच्या नियमांतच मात्र एक अशी गोष्ट आहे जी बाहेरच्यांना पटकन पटत नाही. ७ ऑगस्ट २०२१, तोक्यो ऑलिंपिक, पुरुषांच्या ७५ किलोंवरील गटाची अंतिम लढत. सौदी अरेबियाचा तारेग हामेदी ४-१ ने पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या मानेपाशी बसली आणि गंजजादेह मॅटवर बेशुद्ध पडला. बॉक्सिंगमध्ये इथे विजेत्याचा हात वर झाला असता. पंचांनी हामेदीलाच बाद ठरवलं: प्रहारावर ताबा नव्हता. सुवर्णपदक मिळालं स्ट्रेचरवरून बाहेर नेलेल्या खेळाडूला.

जागतिक कराटे महासंघाच्या या नियमांत ठोशाला एक गुण, पोटा-छातीवरच्या लाथेला दोन, डोक्याच्या उंचीवरच्या लाथेला तीन. तरीही लाथ पोहोचवायची आणि नेमकी थांबवायची, हीच परीक्षा. सगळ्या शैली असं मानत नाहीत. क्योकुशिनमध्ये अंगावर पूर्ण ताकदीने मारतात. म्हणून नाव घालण्याआधी कोणती शैली हे विचारणं फुकट जात नाही. लहान मुलांच्या लढतीत हातमोजे, दातांचं गार्ड आणि नडगीचे पॅड नसतील, तर तिथून उठून यावं.

सिनेमाचा हिशेब

थोडक्यात सांगून टाकतो. ब्रूस ली कराटेवाला नव्हता. त्याचं शिक्षण विंग चुन या चिनी कलेचं आणि स्वतः घडवलेली पद्धत जीत कुन दो. २०१० चा ‘द कराटे किड’ बीजिंगमध्ये घडतो आणि त्यात जॅकी चॅन मुलाला कुंग फू शिकवतो. विटा आणि कौलं फोडणं गॅदरिंगला टाळ्या मिळवतं, पण बहुतेक क्लासांच्या अभ्यासक्रमात ते नसतं, आणि वाढत्या हाडांच्या मुलांना ते करायला लावणं चूकच. ब्लॅक बेल्ट मिळाला की पोलीस ठाण्यात हातांची नोंद करावी लागते, असं छातीठोकपणे सांगणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. असा कायदा भारतात नाही. आहे तो स्वसंरक्षणाचा हक्क, सगळ्यांना सारखा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत तो सापडतो. बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही, ही अटही तिथेच आहे. हल्लेखोर खाली पडल्यावर त्याला लाथा घालणं बचावात बसत नाही.

‘मुलींसाठी सात दिवसांत स्वसंरक्षण’

इथे दोन्ही बाजूंचे गैरसमज आहेत. एक बाजू म्हणते, सात दिवसांत मुलगी निर्भय होईल. दुसरी म्हणते, एवढ्याने काही होत नाही, काळा पट्टाच हवा. २०१५ मध्ये कॅनडातल्या तीन विद्यापीठांत झालेला एक अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनींपैकी एका गटाला १२ तासांचं प्रशिक्षण दिलं, दुसऱ्याला फक्त माहितीपत्रकं. वर्षभरानंतर बलात्काराचं प्रमाण पहिल्या गटात ५.२ टक्के आणि दुसऱ्यात ९.८ टक्के निघालं. म्हणजे १२ तासही उपयोगी पडू शकतात. पण त्या १२ तासांत काता नव्हते. धोका कसा ओळखायचा, ओळखीच्या माणसाला ठाम नकार कसा द्यायचा, आरडाओरडा, सुटका, आणि मग मोजके प्रहार, असं ते होतं. ओळखीच्या माणसाचा मुद्दा महत्त्वाचा, कारण आपल्याकडच्या शिबिरांत हल्लेखोर नेहमी अंधाऱ्या गल्लीतला अनोळखी इसम असतो.

समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींना राणी लक्ष्मीबाईंच्या नावाने तीन महिन्यांचं प्रशिक्षण दिलं जातं. क्लासच्या ‘विशेष बॅच’मध्ये काय शिकवणार, हे विचारताना वरची यादी जवळ ठेवावी. नुसतेच ठोसे आणि लाथा असतील तर तो चांगला व्यायाम आहे, आणि तसंच सांगून शिकवावा.

‘ऑलिंपिक खेळ’, ‘राष्ट्रीय स्पर्धा’

कराटे ऑलिंपिकमध्ये एकदाच होतं, तोक्योत. पॅरिस २०२४ मध्ये नव्हतं आणि लॉस एंजेलिस २०२८ मध्येही नाही. आशियाई स्पर्धांत मात्र १९९४ च्या हिरोशिमापासून आहे. फ्लेक्सवर ती गोष्ट लिहायला कोणाची हरकत नसावी.

‘राष्ट्रीय’, ‘आंतरराष्ट्रीय’, ‘ओपन चॅम्पियनशिप’ या शब्दांवर कोणाची मक्तेदारी नाही. कोणतीही संस्था हॉल भाड्याने घेऊन, दोन राज्यांतले क्लास बोलावून राष्ट्रीय स्पर्धा भरवू शकते. मुलांना अनोळखी प्रतिस्पर्ध्यापुढे उभं राहायची सवय होते, हा त्याचा फायदा खराच. पण एका गटात चार मुलं आणि चौघांनाही पदक, अशा स्पर्धेचं प्रमाणपत्र नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी चालेल, असं समजू नये. तिथे स्पर्धा मान्यताप्राप्त संघटनेची होती का, हे क्रीडा खातं पडताळतं. फी भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात एक चक्कर मारली तर बराच उलगडा होतो.

त्याच कार्यालयामार्फत शालेय क्रीडा स्पर्धा होतात: १४, १७ आणि १९ वर्षांखालील मुलं-मुली, तालुका किंवा जिल्ह्यापासून विभाग आणि राज्यापर्यंत. तिथे नाव क्लासतर्फे जात नाही, शाळेतर्फे जातं. सर कितीही नामांकित असले तरी प्रवेशिकेवर सही मुख्याध्यापकांची लागते. म्हणून क्लासला नाव घातलं की त्याच आठवड्यात शाळेतल्या क्रीडाशिक्षकांना गाठून, कराटेच्या प्रवेशिका यंदा कधी भरायच्या ते विचारून ठेवावं. नाहीतर क्लासमधलं सगळ्यात तयार मूल स्पर्धेच्या दिवशी प्रेक्षकांत बसलेलं असतं.