विंडोजवर टेसरॅक्ट बिल्ड करताना

छापील मराठी पानाच्या फोटोतून मजकूर काढायचा असेल, तर टेसरॅक्टसारखं साधन नाही. एचपीमध्ये १९८०च्या दशकात त्याचं काम सुरू झालं आणि २००५ साली त्याचा सोर्स कोड सगळ्यांसाठी खुला झाला. विंडोजसाठी तयार इन्स्टॉलरही मिळतो. पण जोडाक्षरं कुठे चुकतात हे आतून पाहायचं, कोडमधली एखादी ओळ बदलून बघायची, तर ते स्वतः बिल्ड करण्याला पर्याय नाही.

त्यासाठी मी एमसिस-टू वापरतो. त्यात जीसीसी कंपायलर, बॅश शेल आणि पॅकमन हा पॅकेज मॅनेजर हे सगळं एकत्र मिळतं. टेसरॅक्टला चित्र उघडायला लेप्टोनिका ही लायब्ररी लागते. ती पॅकमनने आधी घ्यायची. स्टार्ट मेनूत एमसिस-टूची टर्मिनलं बरीच दिसतात. त्यातलं यूसीआरटी६४ उघडायचं, म्हणजे अस्सल विंडोजचा प्रोग्राम तयार होतो. सोर्सचं फोल्डरही सी ड्राइव्हवर छोट्या नावाने ठेवावं. युजरच्या नावात आडनावाआधी स्पेस असेल, तर त्या पाथवर मेक अडखळतं.

मग कॉन्फिगर चालवायचं. ‘चेकिंग फॉर’ने सुरू होणाऱ्या ओळी एकेक करत पुढे सरकतात. लिनक्सवर झरझर जाणारी ही तपासणी इथे रेंगाळते. त्याचं कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. कॉन्फिगर ही शेल स्क्रिप्ट आहे. बारीकसारीक गोष्टीसाठी ती नवी प्रोसेस सुरू करते. युनिक्समध्ये चालू प्रोसेसची प्रत काढायला फोर्क आहे, विंडोजमध्ये तशी सोय नाही. मग एमसिस-टूची डीएलएल नवी प्रोसेस उघडून तिच्यात जुनीची मेमरी भरते आणि फोर्कचा आभास निर्माण करते. शिवाय चाचणीपुरती बनलेली प्रत्येक छोटी एक्झी अँटिव्हायरसही तपासतो. म्हणजे दोष संगणकाचा नाही, कंपायलरचाही नाही. युनिक्स गृहीत धरून लिहिलेली स्क्रिप्ट इथे परक्या घरात राबत असते.

मेक सुरू झाल्यावर पडदा भरून एरर आल्या तरी शेवटची वाचत बसू नये. वर जाऊन पहिली शोधावी. खालच्या बहुतेक तिच्यातूनच आलेल्या असतात. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ दिसलं, तर कंपाइल झालेलं असतं, लिंकर अडलेला असतो. स्टॅटिक लायब्ररी जोडताना क्रम पाहावा: लिंकर डावीकडून उजवीकडे वाचतो, त्यामुळे टेसरॅक्ट आधी आणि ते जिच्यावर विसंबून आहे ती लेप्टोनिका नंतर.

एक्झी तयार झाली, टर्मिनलमधून चाललीही. मात्र एक्सप्लोररमधून डबल-क्लिक केलं की libstdc++-6.dll सापडत नाही असा संदेश येतो. टर्मिनलच्या पाथमध्ये ती फाइल होती, बाहेर नाही. एलडीडी या कमांडने एक्झीला लागणाऱ्या डीएलएलची यादी काढावी आणि विंडोजच्या स्वतःच्या सोडून बाकीच्या डीएलएल एक्झीशेजारी आणून ठेवाव्यात.

मराठीची प्रशिक्षित फाइल वेगळी उतरवून घ्यावी लागते आणि तिचं फोल्डर TESSDATA_PREFIX या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये नोंदवावं लागतं. आउटपुट कन्सोलवर न पाहता फाइलमध्ये घ्यावं. कन्सोलवर देवनागरी मोडकी दिसली, तर चूक ओळखण्यात आहे की दाखवण्यात, हे कळत नाही. एवढं जमलं की खरं काम सुरू होतं. एका .cpp फाइलमध्ये बदल करून पुन्हा मेक दिलं, की तेवढीच फाइल कंपाइल होते आणि लिंकिंग होतं. मग तेच पान पुन्हा द्यायचं, जुना आणि नवा मजकूर शेजारी ठेवायचा आणि ‘क्ष’, ‘त्र’, ‘र्‍य’ कुठे सुधारले, कुठे बिघडले ते ओळीओळीने तपासायचं.