कवचातल्या पेशींना हवा प्राणवायू

शाळकरी मुलाला मधुमेह झाल्याचे कळते, तेव्हा आईवडिलांचा पहिला प्रश्न असतो, ‘रोज सुई टोचायची? तीही आयुष्यभर?’ पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची रोगप्रतिकारक शक्ती स्वतःच्याच स्वादुपिंडातील, इन्शुलीन तयार करणाऱ्या बीटा पेशी नष्ट करते. मग इन्शुलीन बाहेरून घेण्यावाचून गत्यंतर नसते. १९२२ साली टोरांटोत इन्शुलीनचा पहिला रुग्ण वाचला आणि तेव्हापासून असंख्य मुलांना जीवदान मिळाले. पण इंजेक्शनला रक्तातील साखर ओळखता येत नाही. मात्रा जास्त झाली की साखर एकदम उतरते. मूल रात्री झोपेतच बेशुद्ध झाले तर, या भीतीने घरातल्यांचा डोळा लागत नाही.

मग नष्ट झालेल्या पेशीच पुन्हा बसवता आल्या तर?

हे अशक्य नाही. स्वादुपिंडात या पेशींचे बारीक पुंजके असतात. जर्मन शास्त्रज्ञ पॉल लँगरहान्स यांनी १८६९ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्यांना ‘लँगरहान्सची बेटे’ म्हणतात. कॅनडातील एडमंटन येथे डॉ. जेम्स शापिरो व सहकाऱ्यांनी मृत दात्यांची बेटे सात रुग्णांच्या यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सोडली. सातही जणांचे इन्शुलीन सुटल्याचे २००० साली जाहीर झाले. मात्र परक्या पेशी शरीराने नाकारू नयेत म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे कायम घ्यावी लागली. त्यांनी जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, मूत्रपिंडालाही इजा होऊ शकते. शिवाय काही वर्षांत बहुतेकांना पुन्हा इन्शुलीन सुरू करावे लागले.

कवच वाचवते, कवचच गुदमरवते

यावर एक युक्ती आधीच सुचली होती. १९८० साली लिम व सन या संशोधकांनी समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या गोळ्यांत बेटे बंद करून उंदरांत बसवली. कवचाच्या छिद्रांतून साखर आत जाते, इन्शुलीन बाहेर येते, पण हल्ला करणाऱ्या पेशींना वाट मिळत नाही. उंदरांची साखर सुमारे तीन आठवडे ताब्यात राहिली.

अडचण निघाली ती प्राणवायूची. ही बेटे स्वादुपिंडाच्या वजनाच्या अवघी एक-दोन टक्के, पण स्वादुपिंडाला मिळणाऱ्या रक्तातील १० ते १५ टक्के रक्त त्यांनाच लागते. कवचात रक्तवाहिनी नसते. प्राणवायू झिरपत आत यावा लागतो आणि तो मिलिमीटरच्या एक-दोन दशांशापलीकडे पुरत नाही. त्यातच शरीर कवचाभोवती तंतूंचा थर चढवते. कडेच्या पेशी प्राणवायू वापरून टाकतात, मधल्या उपाशी राहतात. आधी इन्शुलीन घटते, मग पेशी मरतात. विरळ भराव्यात, तर प्रौढ माणसाला लागणारी लाखो बेटे मावण्यासाठी उपकरण फार मोठे करावे लागते.

श्वास पुरवण्याचे प्रयत्न

इस्रायलच्या बीटा ओ-टू कंपनीने बेटांशेजारी प्राणवायूची छोटी कुपी ठेवली. ती त्वचेखालच्या नळीतून रोज भरायची. जर्मनीतील ड्रेस्डेन येथे एका रुग्णात ती बेटे प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांशिवाय दहा महिने टिकल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले. पुढे स्वीडनमध्ये चार रुग्णांत पेशी जगल्या, पण इन्शुलीन फारच थोडे मिळाले.

अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाने २०२१ साली वेगळी वाट धरली. पेशींनीच सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडची लिथियम पेरॉक्साइडशी प्रक्रिया घडवून त्यातून प्राणवायू मिळवला. २०२३ साली एमआयटीच्या डॅनियल अँडरसन व सहकाऱ्यांनी शरीरातल्याच पाण्याच्या वाफेचे विघटन करून प्राणवायू देणारे उपकरण बनवले. त्याला वीज त्वचेबाहेरून, तारेशिवाय मिळते. मधुमेही उंदरांची साखर त्याने महिनाभर काबूत ठेवली.

आशा हवी, घाई नको

२०२५ साली व्हर्टेक्स कंपनीने मूलपेशींपासून बनवलेली बेटे पूर्ण मात्रेत दिलेल्या १२ पैकी १० रुग्णांचे इन्शुलीन वर्षभरात सुटल्याचे जाहीर झाले, पण प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांच्या जोडीने. त्याच वर्षी त्याच कंपनीने कवचातल्या पेशींची चाचणी मात्र थांबवली, कारण पुरेसे इन्शुलीन मिळाले नाही. औषधांविना पेशी जगवण्याची खरी लढाई अजून बाकी आहे.

तेव्हा ‘पेशी बसवून मधुमेह बरा करतो’ अशा जाहिरातींना भुलू नये. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलीन थोडे दिवस थांबवणेही जिवावर बेतू शकते. कवचाला श्वास मिळेपर्यंत रोजची सुई, वेळेवरचे जेवण आणि साखरेची नियमित तपासणी हेच मुलाचे खरे कवच आहे.