टपाल खात्याचे कंत्राट : एकाच्या हातून गेले, दुसऱ्याच्या पदरी पडले

मोठे गिऱ्हाईक मिळाले की व्यापारी मिठाई वाटतो. तेच गिऱ्हाईक एक दिवस उठून शेजारच्या पेढीवर गेले तर काय होते, हे मात्र तो मिठाई वाटताना विचारात घेत नाही. अमेरिकेतील दोन बलाढ्य पार्सल कंपन्यांचा हा किस्सा म्हणूनच मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या आपल्या बांधवांनी लक्ष देऊन वाचावा. कंपन्या परक्या असल्या तरी हिशेब आपलाच आहे.

विमाने रात्री उडतात, दिवसा उभी राहतात

अमेरिकेचे टपाल खाते जगातील मोठ्या टपाल खात्यांपैकी एक आहे. पण दूरची टपाल वाहून नेण्यासाठी त्याच्याकडे स्वतःचा विमानांचा ताफा नाही. ते काम कंत्राटाने दिले जाते. यूपीएस ही कंपनी १९०७ साली सिएटल शहरात निरोप्यांचे छोटे दुकान म्हणून सुरू झाली. फेडेक्सने १९७३ मध्ये मेंफिस येथून विमानाने पार्सले नेण्यास सुरुवात केली. दिवसभरात गोळा झालेली पार्सले रात्री मेंफिसला आणायची, तेथे निवडायची आणि पहाटेपूर्वी गावोगावी रवाना करायची, ही तिची रीत. म्हणजे विमाने रात्री राबत आणि दिवसा बरीचशी उभी राहत.

उभ्या विमानाचा खर्च उभ्या मागासारखाच असतो. कापड विणले नाही तरी जागेचे भाडे आणि कर्जाचा हप्ता चुकत नाही. फेडेक्सने हीच रिकामी वेळ टपाल खात्याला विकली. जानेवारी २००१ मध्ये सात वर्षांचा करार जाहीर झाला. वाहतुकीची रक्कम सुमारे ६.३ अब्ज डॉलर होती. हे काम निविदा न मागवता दिले गेले, म्हणून एमरी नावाची प्रतिस्पर्धी कंपनी न्यायालयात गेली. पण तिचा दावा टिकला नाही. ऑगस्ट २००१ मध्ये काम सुरू झाले. पुढच्याच महिन्यात ११ सप्टेंबरचा हल्ला झाला आणि प्रवासी विमानांतून जड टपाल नेण्यावर निर्बंध आले. टपाल खात्याला फेडेक्सची गरज आणखी वाढली.

२०१३ मध्ये पुन्हा सौदा झाला तेव्हा यूपीएसनेही बोली लावली होती. बाजी फेडेक्सने मारली. सात वर्षांसाठी सुमारे १०.५ अब्ज डॉलर! २०१७ मध्ये कराराची मुदत सप्टेंबर २०२४ पर्यंत वाढली. टपाल खाते हे फेडेक्सच्या विमानसेवेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक होऊन बसले.

गिऱ्हाईक बदलले

दरम्यान टपाल खात्याची गरज बदलत होती. पत्रे कमी झाली, तोटा वाढला. २०२१ मध्ये खात्याने दहा वर्षांची योजना आखली. तिचा एक भाग असा की, जे टपाल ट्रकने वेळेत पोचू शकते त्यासाठी विमानाचे महाग भाडे द्यायचे नाही. फेडेक्सकडे जाणारा माल घटू लागला. विमाने आणि वैमानिक मात्र तेवढेच राहिले.

१ एप्रिल २०२४ रोजी फेडेक्सने जाहीर केले की दोन्ही बाजूंना परवडतील अशा अटी जमल्या नाहीत, करार २९ सप्टेंबरला संपेल. त्याच दिवशी यूपीएसने सांगितले की टपाल खात्याची मुख्य हवाई वाहतूक आता आपल्याकडे आली आहे. तेवीस वर्षांचा घरोबा संपला.

मे २०२३ अखेरच्या वर्षात फेडेक्सला या कामाचे सुमारे पावणेदोन अब्ज डॉलर मिळाले होते. कंपनीची एकूण उलाढाल ९० अब्जांची. म्हणजे शंभरात जेमतेम दोन. तरीही झळ बसली, कारण दिवसाच्या उड्डाणांची सारी मांडणी त्या दोन टक्क्यांवर उभी होती. कंपनीला ती उड्डाणे कमी करावी लागली. ज्याच्या उलाढालीत एका गिऱ्हाइकाचा वाटा दोन नव्हे, साठ टक्के आहे, त्याने आपला विचार करावा.

जिंकणाऱ्या यूपीएसची पुढची चाल तर अधिक बोलकी आहे. जानेवारी २०२५ मध्ये तिने जाहीर केले की आपले सर्वांत मोठे गिऱ्हाईक अ‍ॅमेझॉन याचा माल २०२६ च्या उत्तरार्धापर्यंत निम्म्याहून अधिक कमी करणार. अ‍ॅमेझॉनचा वाटा उलाढालीत ११ टक्क्यांहून जास्त होता. पण त्या मानाने नफा हाती लागत नव्हता. माल जास्त म्हणजे बरकत जास्त, असे नव्हे.

आपला हिशेब

अब्बांच्या पेढीवर मी बसू लागलो तेव्हा आमचे निम्म्याहून अधिक ग्रे कापड एकाच घाऊक खरेदीदाराकडे जात असे. दर वर्षी तो मीटरमागे काही पैसे कापी, उधारीची मुदत वाढवी. आम्ही मान हलवत असू, कारण दुसरा दरवाजा आम्ही ठोठावलाच नव्हता. एका ईदनंतर त्याने माल उचलणे बंद केले. गोदामात तागे पडून राहिले आणि मागवाल्यांची मजुरी चुकवायला घरातले दागिने मोडावे लागले. भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरे काय! दोष एकट्या त्याचा नव्हता, आमचाही होता.

याचा अर्थ मोठे काम घेऊ नये असा नाही. सरकारी खरेदीसाठी २०१६ पासून जेम ही व्यवस्था आहे. केंद्र सरकारच्या खात्यांनी व उपक्रमांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी असे धोरण आहे. उद्यम नोंदणी असलेल्या लहान उत्पादकाला ४५ दिवसांच्या आत पैसे मिळण्याचा हक्क २००६ च्या कायद्याने दिला आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हा हक्क लागू नाही, हे ध्यानात ठेवावे. आपले कितीतरी मागवाले व कारागीर केवळ नोंदणी न केल्यामुळे या हक्कापासून दूर आहेत.

मोठे काम घ्यावे, पण तीन गोष्टी पाहून. एक, त्या कामासाठी नवे माग किंवा यंत्र कर्जाने घ्यायचे असेल तर ते काम संपल्यावर त्यावर काय विणणार, याचे उत्तर आधी तयार असावे. फेडेक्सने निदान पहिल्यांदा रिकामी विमानेच वापरली होती. दोन, दर, मुदत आणि काम बंद करण्याची आगाऊ सूचना लेखी असावी. सूरह बकरामध्ये उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. आपण मात्र ओळखीवर लाखांचा माल देतो. तीन, लहान गिऱ्हाइकांना सलाम करणे सोडू नये. दहा तागे नेणारा दुकानदार वर्षानुवर्षे येतो आणि रोख देतो.

रिझक देणारा अल्लाह आहे, कोणतेही खाते किंवा सेठ नव्हे. पण दरवाजे शोधायची मेहनत मात्र आपणच करायची आहे.