राजवाड्याचे वय

सेऊलच्या ग्यॉन्गबोकगुंग या राजवाड्याचे वय किती, या प्रश्नाला निदान चार उत्तरे आहेत आणि चारही बरोबर आहेत. राजवाडा पहिल्यांदा उभा राहिला 1395 मध्ये. आज दिसणारा सिंहासनाचा महाल 1867 चा. त्यामागचे राजाचे शयनगृह 1995 चे. आणि ज्या दरवाज्यातून आपण आत शिरतो, तो 2010 चा.

मी इतिहासाची पदवीधर नाही. जुन्या इमारती पाहण्याचा नाद मात्र तीस वर्षांचा आहे, आणि त्या नादात एक सवय लागली: समोरच्या वास्तूचे साल वहीत टिपून ठेवायचे. सेऊलमध्ये या सवयीनेच मला गोत्यात आणले. पहिल्या दिवशी मी राजाच्या शयनगृहापुढे, म्हणजे गांगन्यॉन्गजॉनपुढे, तासभर रमले. त्याच्या छपराला माथ्याची आडवी कणा-रेघ नाही. राजा म्हणजेच ड्रॅगन, तेव्हा त्याच्या डोक्यावर दुसरा ड्रॅगन नको, असे त्याचे कारण सांगतात. हे सारे मी भक्तिभावाने उतरवून घेतले. निघताना फलक वाचला, तेव्हा कळले की ही इमारत माझ्या धाकट्या भाचीच्या वयाची आहे.

फसवले गेल्यासारखे वाटले. पण कोणी फसवले नव्हते. फलकावर साल स्पष्ट होते. मग प्रश्न उरला तो असा, की मूळ इमारत गेली कुठे?

त्यासाठी थोडे मागे जावे लागते. जोसॉन घराण्याचा संस्थापक यी सॉन्ग-ग्ये याने उत्तरेला डोंगराचा आधार घेऊन हा राजवाडा बांधला. 1592 च्या जपानी स्वारीत तो जळाला आणि त्यानंतर जवळपास 270 वर्षे ती जागा ओसाड राहिली. राजे शेजारच्या छांगदॉकगुंगमध्ये राहू लागले. 1865 मध्ये बालराजा गोजोंगच्या वडिलांनी, म्हणजे देवॉनगुन यांनी, तो पुन्हा बांधायला घेतला. दगडी फरसबंदीच्या अंगणातला गुनजॉन्गजॉन हा सिंहासनाचा महाल आणि तळ्यातला, 48 दगडी खांबांवरचा ग्यॉन्गह्वेरू हा मेजवानीचा मंडप, हे दोन्ही तेव्हाचे. पण हे वैभव तीस वर्षेही टिकले नाही. 1895 च्या ऑक्टोबरात याच आवारात राणीचा जपानी मारेकऱ्यांनी खून केला. पुढच्या वर्षी गोजोंगने रशियन वकिलातीत आश्रय घेतला, आणि तो इथे राहायला परत आलाच नाही.

1910 मध्ये जपानने कोरिया गिळला. 1915 मध्ये या आवारात औद्योगिक प्रदर्शन भरवले गेले आणि त्यासाठी कितीतरी इमारती पाडल्या किंवा विकल्या गेल्या. मग थेट सिंहासनमहालाच्या पुढ्यात गव्हर्नर-जनरलची अवाढव्य दगडी कचेरी उभी राहू लागली. ती 1926 मध्ये पुरी झाली. रस्त्यावरून राजवाडा दिसेनासा झाला, आणि हेतूही तोच होता.

ग्वांगह्वामुन हा मुख्य दरवाजा या कचेरीच्या वाटेत येत होता. तो पाडायचे घाटत असताना यानागी मुनेयोशी या जपानी कलासमीक्षकाने 1922 मध्ये त्याच्या बाजूने लेख लिहिला. अखेर दरवाजा पाडला गेला नाही. उचलून राजवाड्याच्या पूर्व बाजूला नेऊन ठेवला गेला. पुढे कोरियन युद्धात त्याचा लाकडी भाग जळाला. 1968 मध्ये तो पुढच्या बाजूला परत आला, पण काँक्रीटचा, आणि राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या हस्ताक्षरातली पाटी लावून. शिवाय तो राजवाड्याच्या मूळ अक्षाशी नव्हे, तर त्या जपानी कचेरीशी समांतर बसवला होता. तो उतरवून 2010 मध्ये मूळ जागी लाकडाचा दरवाजा उभा राहिला. त्यावर पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या अक्षरांची पाटी लागली आणि काही महिन्यांतच तिला तडा गेला. पुढे बांधकामाची एक जुनी रोजनिशी जपानमधल्या वासेदा विद्यापीठात सापडली. तिच्यावरून अक्षरे सोनेरी आणि पाटी काळी असल्याचे स्पष्ट झाले, आणि 2023 मध्ये तशी पाटी बसवण्यात आली. एका दरवाज्याची पाटी बरोबर व्हायला एवढी वर्षे लागली.

आणि त्या कचेरीचे काय झाले? स्वातंत्र्यानंतर कोरियन सरकारने तीच वापरली. 1948 मध्ये प्रजासत्ताकाची घोषणा तिथेच झाली. 1986 पासून तिथे राष्ट्रीय संग्रहालय होते. 15 ऑगस्ट 1995 रोजी, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षदिनी, तिच्या घुमटावरचा कळस उतरवून पाडकामाला सुरुवात झाली. साक्ष म्हणून ती राहू द्या, किंवा दुसरीकडे हलवा, असे म्हणणारेही होते. त्यांचे म्हणणे मागे पडले. म्हणजे ज्या वर्षी शयनगृह पुन्हा उभे राहिले, त्याच वर्षी समोरच्या कचेरीवर हातोडा पडला. माझ्या वहीत ही दोन्ही साले एकाखाली एक आली, तेव्हा कुठे मला कळले की पुन्हा बांधणे आणि पाडणे ही एकाच कामाची दोन टोके आहेत.

माझ्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या दिवशी छांगदॉकगुंगमध्ये मिळाले. हा राजवाडा 1405 चा. 1997 मध्ये तो जागतिक वारसा यादीत आला. 1917 मध्ये इथला अंतःपुराचा भाग जळाला. तो पुन्हा बांधायला लाकूड हवे, म्हणून ग्यॉन्गबोकगुंगमधली राजा-राणीची शयनगृहे उतरवून ते लाकूड इकडे आणले गेले. त्यातून 1920 मध्ये हुईजॉन्गदांग आणि देजोजॉन उभे राहिले. हुईजॉन्गदांगच्या पुढे मोटार उभी करण्यासाठी पोर्च आहे. मान वर करून छपराखालच्या बाजूच्या त्रिकोणी भिंती पाहिल्या, तर एकीवर ‘गांग’ आणि दुसरीवर ‘न्यॉन्ग’ ही अक्षरे दिसतात. घर नवे, नाव वेगळे. पण अंगावर जुन्या घराची खूण तशीच. गांगन्यॉन्गजॉन मला असे दोनदा भेटले: एकदा नव्या लाकडात जुन्या जागी, एकदा जुन्या लाकडात परक्या जागी. खरे कोणते, हे मला आजही ठरवता येत नाही.

कचेरीचा कळस पाहायला मी सेऊलच्या दक्षिणेला छॉनानच्या स्वातंत्र्य-स्मारकात गेले. तिथे तो चौथऱ्यावर मांडलेला नाही. खोलगट खड्ड्यात, आवाराच्या पश्चिमेला, मावळतीच्या दिशेला ठेवला आहे. पाहणाऱ्याची नजर त्याच्याकडे वरून खालीच जावी, अशी ही योजना. राग समजण्यासारखा आहे. तरीही त्या खड्ड्याच्या काठावर मला जाणवले ते वेगळेच. कळस ठेवला म्हणूनच इथे काय होते हे मला विचारावेसे वाटले. ग्यॉन्गबोकगुंगच्या अंगणात, भाड्याचे हानबोक घालून फोटो काढणाऱ्या तरुण मुलामुलींच्या गर्दीत, तो प्रश्न मनात आला नसता. (हानबोक घातला की प्रवेश फुकट, म्हणून ही गर्दी.)

वास्तू पुन्हा बांधताना कोणते तरी एक साल निवडावेच लागते. कोरियाने गोजोंगच्या काळातले निवडले. तो त्यांचा हक्क आहे. निवडलेल्या सालाबरोबर काही साले झाकली जातात, एवढेच पाहणाऱ्याने विसरू नये. म्हणून सेऊलला जाल तेव्हा महालाआधी फलक वाचा. आणि छांगदॉकगुंगमध्ये मान वर करायला विसरू नका.