जस्ताचा विद्युत्घट : साठवण आणि झीज

भाताची पाने तांबूस पडू लागली की जाणता शेतकरी जस्ताची उणीव ओळखतो व लिटरभर पाण्यात ५ ग्रॅम जस्तसल्फेट आणि त्याच्या निम्मा चुना घेऊन फवारणी करतो. हेच पांढरे मीठ आता आणखी एका कामी येऊ पाहत आहे. दिवसा सौर पॅनेलवर मिळालेली वीज रात्रीसाठी राखून ठेवू शकेल, अशा एका घटावर प्रयोगशाळांतून संशोधन चालू आहे. त्यातील द्रावण जस्तसल्फेटचेच असते. मात्र लिटरमागे सुमारे ५७५ ग्रॅम, आणि तेही खताच्या दर्जाचे नव्हे, शुद्ध.

रचना साधी आहे. एका बाजूस जस्ताचा पत्रा, दुसऱ्या बाजूस मँगॅनीज डायॉक्साइडचा लेप आणि मध्ये द्रावणाने भिजलेला सच्छिद्र पडदा. (भंडारा जिल्ह्यातील डोंगरी बुजुर्ग खाणीचे मँगॅनीज डायॉक्साइड कोरड्या सेलच्या कारखान्यांस पुरविले जाते.) घटातून वीज घेतली जाते तेव्हा जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन तारेत सोडतो व स्वतः आयन होऊन पाण्यात उतरतो. मँगॅनीजच्या कणांत अतिसूक्ष्म बोगदे असतात. त्यांत जस्ताचे व पाण्यातील हायड्रोजनचे आयन शिरतात. यांपैकी कोणाचा वाटा किती, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. घट भरताना ही क्रिया उलट होते व जस्त पत्र्यावर परत बसते. एक ग्रॅम जस्त तत्त्वतः ०.८२ अँपिअर-तास वीज देते, शिसे ०.२६. शिवाय द्रावण पाण्याचे असल्याने ते पेट घेत नाही.

परंतु याच ये-जा करण्यात घटाची झीज होते. परत येणारे जस्त सारखे बसत नाही. जेथे किंचित उंचवटा असतो तेथेच अधिक साचते, त्याचे काटे वाढतात आणि एखादा काटा पडदा भेदून घट निकामी करतो. पाणीही जस्ताशी अभिक्रिया करते. हायड्रोजन वायू सुटून घट फुगतो व पत्र्यावर क्षारांचा खरपुडा चढतो. दुसऱ्या बाजूचे मँगॅनीज हळूहळू द्रावणात विरघळते. यावर अमेरिकेतील पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी २०१६ साली सोपा उपाय दाखविला : द्रावणात आधीच लिटरमागे सुमारे १७ ग्रॅम मँगॅनीज सल्फेट घालणे. त्यांच्या घटाने ५,००० आवर्तनांनंतर ९२ टक्के क्षमता राखली.

हा आकडा मोठा असला तरी तो नीट वाचावयास हवा. ती आवर्तने अतिशय जलद, मिनिटांच्या हिशेबाने घेतलेली होती. शेतावरचा घट दिवसभर सावकाश भरेल, रात्री रिता होईल आणि पावसाच्या झडीत आठवडाभर नुसताच पडून राहील. त्या पडून राहण्याच्या काळातही पाणी जस्तास खातच असते.